पन्नासावं घर

दांडीसाहेबांचा अपमान आजवर पुष्कळांनी केला होता. भाजीवाल्यांनी केला, वरिष्ठांनी केला, मेव्हण्याने तर पहिल्याच भेटीत केला. पण प्रत्यक्ष टांकसाळ आपला अपमान करील, आणि तोही मखमली डबी करून, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दांडीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी हिंडायचं, तराजू तपासायचे, लिटरचं माप खरोखर लिटरभर आहे की नाही ते बघायचं, आणि तराजूची दांडी जरा कुठे कलली की पावती फाडायची, हा त्यांचा धंदा. बाजाराने ठेवलेलं नाव खात्याने उचललं आणि खात्यातून ते घरी आलं. बायकोसुद्धा रागात असली की "दांडीसाहेब, जेवायला या" म्हणते. माणूस सरळ. इतका सरळ की घरात साखरेचा पुडा आला तरी तो आधी काट्यावर चढतो आणि मगच डब्यात जातो.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच हौस, आणि तीही वडिलोपार्जित. वडील बसमध्ये कंडक्टर होते. मुलगा झाला त्या साली त्यांनी पिशवीत आलेलं त्याच सालचं पाचाचं एक नाणं बाजूला काढलं आणि पदरचे पाच पिशवीत टाकले. दुसऱ्या साली दुसरं काढलं. मग जाड पुठ्ठ्याचा, गोल गोल घरांचा एक आल्बम आणला, आणि मुलगा वाढत गेला तशी घरं भरत गेली. वडिलांचा नियम एकच होता. नाणं सुट्ट्यात आलं पाहिजे. मुद्दाम मागून घ्यायचं नाही आणि विकत तर मुळीच आणायचं नाही. "विकत आणलेलं नाणं म्हणजे माल," ते म्हणत. "नाणं हातात यावं लागतं."

वडील निवृत्त झाले, पिशवी गेली, आणि हे काम दांडीसाहेबांच्या गळ्यात आलं. आल्बमला घरं बरोबर पन्नास. एकोणपन्नास भरलेली. यंदा दांडीसाहेबांना पन्नासावं लागलं होतं, आणि वडिलांनी ऐंशी केव्हाच ओलांडली होती. पन्नासावं घर भरलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं. संध्याकाळी दारात मुलाची चप्पल वाजली की आतल्या खोलीतून प्रश्न येई, "आलं का?"

"नाही, बाबा."

"बघत राहायचं," असं म्हणून म्हातारा पुन्हा रेडिओकडे वळे.

एरवी वर्ष निम्म्यावर येईपर्यंत त्या सालचं नाणं हातात आलेलं असे. यंदा पावसाळा संपला तरी पत्ता नाही. दांडीसाहेब मिळेल ते सुट्टं उलटून पालटून बघू लागले. बसमध्ये, दूध केंद्रावर, औषधांच्या दुकानात. मागची रांग खोळंबे, लोक घसे खाकरत, पण ते साल वाचल्याशिवाय हलत नसत. शेवटी शेवटी तराजू तपासताना त्यांचा एक डोळा काट्यावर आणि एक गल्ल्यावर असायचा. आता बाजारातला माणूस याचा अर्थ काय काढणार? निरीक्षकाची नजर गल्ल्यावर म्हटल्यावर बाजाराने काढायचा तोच अर्थ काढला. एका कापडवाल्याने तर गल्ला उघडून त्यांच्यापुढे सरकवला आणि हळूच विचारलं, "किती काढू, साहेब?"

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ज्याने दुकानदाराचा चहासुद्धा घेतला नाही, त्या माणसाला हा प्रश्न. दांडीसाहेब रागारागाने घरी आले. दोनच दिवसांनी वरिष्ठांनी बोलावून घेतलं. "तुमच्याबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले, "उलट बाजारात समाधान आहे. म्हणतात, साहेब आता माणसात आले." याहून तक्रार परवडली असती.

खरी बातमी आणली वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी. या गृहस्थांचं प्रत्येक वाक्य "मी तुमच्या जागी असतो तर" असं सुरू होतं. जन्मात ते कधी कुणाच्या जागी गेले नाहीत, पण सल्ला मात्र तिथूनच देतात.

"मी तुमच्या जागी असतो तर शोधणं थांबवलं असतं," ते जिन्यात म्हणाले. "यंदाचं पाचाचं नाणं चलनात आलेलंच नाही. टांकसाळीने थोडीशीच पाडली, आणि तीही फक्त संचात. संग्राहकांसाठी. मखमली डबी, वर सीलबंद प्लास्टिक. सुटं मिळत नाही."

दांडीसाहेबांनी जिन्याचा कठडा धरला. "म्हणजे नाणं पाडलं, पण वापरायचं नाही?"

"वापरायचं कसलं? सील तोडलंत तर किंमत गेली."

"नाणं आहे की लोणी?" दांडीसाहेब म्हणाले. "हवा लागली की खराब होतं?"

जेवतानाही त्यांचा पारा उतरला नाही. ज्या नाण्याने काडेपेटी घेता येत नाही त्याला नाणं म्हणायचं कशाला? उद्या खातं मला मखमलीत वजन देईल आणि सांगेल, याने काही तोलू नका. बायकोने वाढता वाढता सांगितलं, "अहो, एवढं बोलण्यापेक्षा ती डबी आणा आणि मोकळे व्हा." वडिलांनी ताटावरून मान वर केली नाही. "विकतचं नको," ते म्हणाले. "राहू दे घर रिकामं."

राहू दे म्हणाले खरे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोने बघितलं, म्हातारा आल्बम मांडीवर घेऊन बसला होता आणि रिकाम्या घरावरून अंगठा फिरवत होता. तिने ते नवऱ्याला सांगितलं. त्यांनी संच घ्यायचं ठरवलं.

"मी तुमच्या जागी असतो तर ऑनलाइन मागवला असता," विमावाले म्हणाले. दांडीसाहेबांनी मागवायला घेतला. संकेतस्थळाने आधी खरेदीचं कारण विचारलं: संग्रह, भेट की गुंतवणूक. 'वडील' असा पर्याय नव्हता. संग्रह म्हटलं. मग पत्ता घातला, तर उत्तर आलं की एका पत्त्यावर एकच संच मिळतो आणि या पत्त्यावर तो दिलेला आहे. दांडीसाहेबांनी पत्ता तपासला. इमारत हीच, रस्ता हाच. वर जाऊन बघतात तो विमावाल्यांच्या दर्शनी कपाटात मखमली डबी.

"मी म्हटलं, तुमच्यासाठी वाट कशी आहे ती आधी बघून ठेवावी," विमावाले म्हणाले.

मग आपलं घर वेगळं आणि विमावाल्यांचं वेगळं, एवढं सिद्ध करायला दांडीसाहेबांना रजा टाकून टांकसाळीच्या विक्री खिडकीवर जावं लागलं. सोबत विजेचं बिल नेलं होतं. ते वडिलांच्या नावावर. वडील तुमचेच कशावरून, असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं. पन्नास वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. त्यासाठी जन्माचा दाखला आणायला दुसरी रजा गेली.

"मला फक्त पाचाचं द्या," दांडीसाहेब शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले. "बाकीची नाणी तुमच्याकडेच राहू द्या."

"संचच घ्यावा लागेल."

"बाई, दुकानदाराने गिऱ्हाइकाला बिस्किटांबरोबर साबण घ्यायची सक्ती केली तर मी त्याची पावती फाडतो."

"मग आमची फाडा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

संच घरी आला आणि खरी पंचाईत सुरू झाली. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला ग्रॅमभर फसवलं नाही, तो बापाला काय सांगणार? सुट्ट्यात आलं म्हणावं तर खोटं. विकत आणलं म्हणावं तर नियम मोडला. दांडीसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी त्यांना तोड सापडली.

"कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं," त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात हळू आवाजात समजावलं. "हे नाणं देऊन पाचाची काडेपेटी घ्यायची. नाणं गल्ल्यात वरच पडणार. लगेच दहाची नोट देऊन दुसरी काडेपेटी घ्यायची. पाच परत येतात. तो तेच नाणं देतो. झालं की नाही सुट्ट्यात? आणि एक अक्षर खोटं नाही."

बायकोने विचारलं, "अहो, तुम्हाला बाबांना फसवायचंय की त्यांचा नियम पाळायचाय?"

"दोन्ही," दांडीसाहेब म्हणाले.

आधी नाणं बाहेर काढायला हवं होतं. ते प्लास्टिक टांकसाळीने बहुधा युद्धासाठी करून घेतलं असावं. सुरी वाकली. विमावाले वास लागल्यासारखे खाली आले आणि म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर मुळात उघडलं नसतं, पण उघडायचंच तर फ्रीजमध्ये ठेवा, आकसतं. ठेवलं. आकसलं नाही. मग उकळत्या पाण्यात धरलं, तेव्हा फक्त दांडीसाहेबांची बोटं भाजली. शेवटी करवतीचं पातं आणलं. प्लास्टिक कापलं, त्याखालचं जेवणाचं टेबल कापलं, नाण्याच्या कडेलाही एक तिरपा ओरखडा उठला. नाणं उडून कपाटाखाली गेलं आणि ते काढायला बायकोला सगळं कपाट रिकामं करावं लागलं. ती त्या दिवशी "दांडीसाहेब" इतक्यांदा म्हणाली की शेजाऱ्यांना वाटलं, घरी तपासणी आली आहे.

दुसऱ्या दिवशी दांडीसाहेबांनी नाणं खात्याच्या काट्यावर तोललं. वजन अगदी बरोबर भरलं. जरा निराशाच झाली.

कोपऱ्यावरचा दुकानदार आणि दांडीसाहेब यांच्यातून विस्तव जात नव्हता. मागच्याच महिन्यात त्याच्या काट्यावरच्या शिक्क्याची मुदत टळली म्हणून साहेबांनी पावती फाडली होती. तरी घराजवळचं दुकान तेवढंच. संध्याकाळी सहा-सात गिऱ्हाइकं उभी असताना दांडीसाहेबांनी काडेपेटी मागितली आणि नाणं पुढे केलं.

दुकानदाराने ते दिव्याखाली धरलं, उलटलं, साल वाचलं. "साहेब, यंदाचं पाचाचं निघालंच नाही. हे खोटं आहे."

खोटं. हा शब्द दांडीसाहेबांनी आजवर दुसऱ्यांच्या वजनांबद्दल वापरला होता. त्यांच्याबद्दल, आणि तोही भर गर्दीत, शिक्क्याची मुदत टळलेल्या काट्यामागून, कधी कुणी वापरला नव्हता. त्यांची कानशिलं तापली. "खोटं?" ते म्हणाले. "हे टांकसाळीचं नाणं आहे. मी तोललंय."

"चकाकतंय बघा कसं."

"नवं आहे म्हणून चकाकतंय. तुमचा काटा कधी चकाकला नाही, त्याला मी काय करू?"

गिऱ्हाइकं हसली. दुकानदार इरेला पेटला. विमावाले पाव घ्यायला आले होते, ते दुकानदाराला म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर घेतलं नसतं." मग दांडीसाहेब जे सुरू झाले ते थांबेनात. चलन म्हणजे काय, टांकसाळीचा शिक्का म्हणजे काय, तो नाकारणं हा गुन्हा कसा, आणि एकदा पाडलेलं नाणं डबीत असो की गल्ल्यात, ते राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना सारखंच कसं चाललं पाहिजे, हे त्यांनी अशा काही तळमळीने सांगितलं की मागे उभ्या असलेल्या एका मास्तरीणबाईंनी "बरोबर आहे" म्हणून मान डोलावली. दुकानदार एकटा पडला. त्याने नाणं गल्ल्यात टाकलं आणि काडेपेटी पुढे सरकवली. दांडीसाहेबांनी ती उचलली, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि ताठ मानेने दुकानाची पायरी उतरले. इतका निर्भेळ विजय त्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. रस्ताभर ते त्याच धुंदीत होते. दारात चप्पल काढली.

"आलं का?" आतून प्रश्न आला.

दांडीसाहेबांच्या हातात काडेपेटी होती. एकच.

तसेच अनवाणी ते मागे पळाले. दुकानदार शांतपणे पाव बांधत होता. "ते होय? ते गेलं, साहेब. एका बाईंना सुट्ट्यात दिलं. नको म्हणत होत्या, पण मग मी तुमचंच भाषण त्यांना ऐकवलं. निमूट घेऊन गेल्या."

"कोण बाई?"

"गिऱ्हाईक," दुकानदार म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मागच्या महिन्याच्या पावतीचं सगळं व्याज वसूल झाल्याचं समाधान होतं.

घरी परत येईपर्यंत बायकोने वडिलांना सगळं सांगून टाकलं होतं. म्हातारा खुर्चीत बसला होता. "म्हणजे आधी द्यायचं, मग तेच परत घ्यायचं," तो म्हणाला. "आमच्याकडे याला काय म्हणत ठाऊक आहे? उतरलेल्या माणसाचं तिकीट पुन्हा विकणं. त्यासाठी माणसं घरी बसली आहेत."

"बाबा, तुमच्यासाठीच केलं."

"ती माणसंही असंच म्हणायची. मुलाबाळांसाठी केलं."

आणि दुसऱ्या दिवसापासून "आलं का?" बंद झालं. दांडीसाहेब दारात येत, चप्पल वाजवत. आतून नुसता रेडिओ ऐकू येई. एकदोनदा त्यांनी चप्पल पुन्हा घालून पुन्हा काढली, जरा मोठ्याने. काही नाही. पन्नाशीच्या माणसाला या गोष्टीचं वाईट वाटू नये, पण वाटलं. जेवण गोड लागेना. बाजारातून जाताना त्यांना आता गल्ल्याकडे बघवत नसे, आणि बाजार म्हणू लागला की साहेब पुन्हा बिघडले.

त्यातच नवा अपमान. वडिलांनी रोज सकाळी काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसायला सुरुवात केली. बसायला स्टूल, हातात वर्तमानपत्र. ज्याने मुलाला चारचौघांत खोटं ठरवलं त्याच्याच दुकानात.

"मी तुमच्या जागी असतो तर रोखलं असतं," विमावाले म्हणाले. "काल तर ते गल्ल्यातली चिल्लर लावून देत होते. दुकानदार खूष आहे. म्हणतो, असा हात बघितला नाही."

बापच फितूर झाला म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करायची?

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी ते घरी आले तर वडील दारातच उभे. दांडीसाहेबांना चप्पलही काढू दिली नाही.

"आलं," ते म्हणाले.

तळहातावर पाचाचं नाणं होतं. काळवंडलेलं, एका बाजूने कशाने तरी चेपलेलं, पण यंदाचं. आणि कडेला तिरपा ओरखडा. टांकसाळीने काही थोडी का होईना, नाणी पाडली होती, पण हा ओरखडा फक्त एका जेवणाच्या टेबलावर पडला होता.

"दूधवाल्याने दिलं दुकानात," वडील सांगू लागले. "तो म्हणाला, कुणी घेत नाही हे. दुकानदारही घेईना. मी म्हटलं, घे बाबा, माझ्या मुलाने इथेच सिद्ध केलंय. घेतलं त्याने. मग मी साबण घेतला, नोट दिली. त्याने उरलेल्या पैशांत आपण होऊन हे दिलं. खपवायचं होतं ना त्याला. मी मागितलं नाही."

दांडीसाहेबांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण स्वभाव कुठे जातो? "बाबा, इतके दिवस तिथे जाऊन बसलात. हे मुद्दाम नाही का?"

"थांब्यावर उभं राहणं म्हणजे बस मागणं नव्हे," म्हातारा म्हणाला.

"पण मुळात मी विकत आणलेलंच हे."

"कुणी आणलं असेल तर ज्याचं तो बघेल. मला सुट्ट्यात आलं."

यावर खात्याच्या नियमपुस्तकात काही नव्हतं. वडिलांनी आल्बम उघडला आणि पन्नासाव्या घरावर नाणं ठेवून अंगठ्याने दाबलं. चेपल्यामुळे ते पटकन बसेना. "तू दाब," ते म्हणाले. दांडीसाहेबांनी वडिलांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि जोर लावला, तेव्हा बसलं. विमावाले बघायला खाली आले. आता याची किंमत फक्त पाच, असं म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

वडिलांनी पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा होता. "पुढची पानं आण," ते म्हणाले. "वर्ष संपत आलं."

दुसऱ्या दिवशी दांडीसाहेब स्टेशनरीच्या दुकानात गेले. आल्बमला जोडायचं एक पान मागितलं.

"सुटं मिळत नाही, साहेब," दुकानदार म्हणाला. "संच घ्यावा लागतो. दहा पानांचा."

दांडीसाहेबांनी श्वास भरून घेतला. बिस्किटं, साबण, सक्ती, पावती, सगळं जिभेवर आलं होतं. मग त्यांनी मनातल्या मनात घरं मोजली आणि मुकाट्याने संच घेतला.

वडिलांनी ती कोरी पानं एकेक करून उलटली. "पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "चालेल. भरू."

नवं वर्ष लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दांडीसाहेब कामावरून आले. दारात चप्पल वाजली.

"आलं का?" आतून विचारणा झाली.

"बाबा, वर्ष कालच लागलंय. टांकसाळ अजून उघडली नसेल."

"बघत राहायचं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने रेडिओ मोठा केला.

दांडीसाहेब दारातच खिशातली चिल्लर काढून, दिव्याखाली धरून, साल बघू लागले.